कागजीपुऱ्याच्या चिंध्या, मोहर्लीच्या बाटल्या

मुलांची सहल घेऊन आम्ही मोहर्लीच्या गेटवर गेलो होतो. चहाच्या टपरीमागे पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांची पोती पडून होती. एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, भंगारवाला ही नेत का नाही?’’ टपरीवाला म्हणाला, ‘‘भाव पडला. आता तो फक्त लोखंड नेतो.’’ याचे उत्तर आम्हाला आपल्याच इतिहासात सापडते.

१३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. जवळच्या कागजीपुऱ्याची परंपरा त्याच काळाशी जोडली जाते. तिथले मुस्लिम कागजी चिंध्या, जुने दोर, गोणपाट यांपासून कागद करीत. माल चुन्यात भिजवायचा, कुटायचा, धुवायचा. हौदातला लगदा साच्यावर उचलायचा. ताव भिंतीवर वाळवून, खळ लावून दगडाने घोटायचा.

हे कसब शतके टिकले ते केवळ हुनरामुळे नव्हे. दफ्तरे, सनदा, हिशेबाच्या वह्या, किताबत यांना रोज कागद लागे. गिऱ्हाईक पक्के होते, म्हणून चिंधीलाही भाव होता. एकोणिसाव्या शतकात गिरणीचा स्वस्त कागद आला, कचेऱ्या तिकडे वळल्या आणि हौद कोरडे पडू लागले. पुढे आमच्याच जिल्ह्यात, १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कारखान्याने जंगलातल्या बांबूचा कागद केला. दरम्यान गांधीजींच्या पुढाकाराने १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याने हातकागदाला आधार दिला. १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्थाही उभी राहिली. पण मोठे गिऱ्हाईक परत आले नाही. कागजीपुऱ्यात आज मोजकेच हात हे काम करतात.

प्लास्टिकचेही तेच आहे. खनिज तेल स्वस्त झाले की नवे प्लास्टिक स्वस्त होते आणि भंगाराचा भाव कोसळतो. मालेगाव, धारावीतल्या आपल्या कित्येक भावांची रोजी या चढउतारावर टांगलेली असते. म्हणून २०२२ ची नियमदुरुस्ती महत्त्वाची वाटते. कठीण प्लास्टिकच्या वेष्टनात २०२५-२६ पासून किमान ३० टक्के पुनर्वापराचे प्लास्टिक वापरण्याचे बंधन तिने ठरवले. कायद्याने मागणी निर्माण करण्याचा हा प्रयत्न आहे. तो कसोशीने अमलात आला तरच मोहर्लीचे पोते हलेल.

आम्ही शिक्षक मुलांना ‘कचरा उचला’ एवढेच शिकवतो. उचललेले विकत घेणाराही हवा, हा अर्धा धडा राहून जातो. आपल्या शाळांनी, मदरशांनी, जमातींनी निदान वह्या आणि पाइप घेताना तो लक्षात ठेवावा.