कामावरील वाहन अपघात व नुकसानभरपाई (वऱ्हाड)

कामावर असताना वाहन अपघातात कामगार जखमी अथवा मृत झाल्यास नुकसानभरपाई देण्याचे मालकाचे व विमा कंपनीचे दायित्व भारतात प्रामुख्याने सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० (नोव्हेंबर २०२५ पर्यंत कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२३) आणि मोटार वाहन कायदा, १९८८ यांनी ठरविले आहे. अमरावती व अकोला जिल्ह्यांत कापसाची वाहतूक, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, ट्रॅक्टरवरील शेतमजुरी आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ वरील मालवाहतूक यांमुळे हा विषय महत्त्वाचा ठरतो.

कायद्याचा विकास

१९२३ चा कायदा १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. २००० च्या दुरुस्तीने नैमित्तिक मजुरांना वगळणारी तरतूद काढून टाकण्यात आली. रोजंदारीवरील मजुरांना तिचा विशेष लाभ झाला. यांत्रिक शक्तीने केल्या जाणाऱ्या शेतीतील कामगारही या कायद्याच्या अनुसूचीत होते. पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने या कायद्याची जागा घेतली; ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

मालकाचे दायित्व

अपघात कामामुळे व कामाच्या ओघात घडलेला असला, की मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मजूर कंत्राटदाराचा असला, तरी मालकाच्या धंद्याचे काम करताना झालेल्या अपघाताची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये करण्यात आली. त्यानुसार ३० वर्षे वयाच्या चालकासाठी (गुणक २०७.९८) ही रक्कम १५,५९,८५० रुपये होते. महिनाभरात रक्कम न दिल्यास १२ टक्के व्याज, तसेच योग्य कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. व्याज विमा कंपनीकडून वसूल करता येते, दंड मात्र मालकानेच भरावयाचा असतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिला.

विम्याची व्याप्ती

मोटार वाहन कायद्याच्या मूळ कलम १४७ नुसार वाहनाचा चालक आणि मालवाहू वाहनातून नेले जाणारे मालकाचे नोकर यांच्याविषयीचे, कामगार नुकसानभरपाई कायद्यापुरते दायित्व सक्तीच्या विम्यात समाविष्ट होते. मालवाहू वाहनातील फुकट प्रवासी मात्र या संरक्षणाबाहेर राहतात. ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीकामापुरती असताना ट्रॉलीतून भाड्याने माणसे नेल्यास विमा कंपनी दायित्व नाकारू शकते. अशा वेळी भरपाईचा भार मालकावर पडतो, आणि तो ऐपतदार नसल्यास मजुराच्या कुटुंबास निकाल मिळूनही पैसा मिळणे कठीण होते.

दाव्याचे दोन मार्ग

कलम १६७ नुसार वारसांना आयुक्त किंवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरण यांपैकी एकच मार्ग निवडावा लागतो. पहिल्या मार्गात रक्कम सूत्राने ठरते. कलम १६६ खालील दाव्यात वाहनचालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, परंतु भरपाईस वेतनमर्यादा नसते. स्वतःच्या चुकीने अपघात झालेल्या चालकाच्या वारसांना म्हणून पहिला मार्ग सोयीचा ठरतो. राज्य कर्मचारी विमा योजनेत समाविष्ट कामगारांना त्या योजनेतून लाभ मिळतो. त्यांना १९२३ च्या कायद्याखाली वेगळी भरपाई मागता येत नव्हती. दोन्ही जिल्ह्यांतील अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जातात.

कामावर जाता-येताना होणारे अपघात

काम संपवून बेस्टच्याच बसने घरी जाताना मृत्यू पावलेल्या बेस्टच्या चालकाचा अपघात कामाच्या ओघातील आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ठरविले. धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली मोटारसायकलवरून कामावर जाताना मृत्यू पावला. आयुक्तांनी मंजूर केलेली ३,२६,१४० रुपयांची भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी ती पुन्हा कायम केली. प्रवासाची वेळ, ठिकाण व परिस्थिती यांचा कामाशी संबंध असेल, तर असा अपघात कामाच्या ओघातील मानावा, असे तत्त्व या निकालाने स्पष्ट झाले.