बिऱ्हाडाची बांधाबांध आणि गणितज्ञांची हमी

शिवाजी पार्कच्या आसपासचें एखादें बिऱ्हाड हलवावयाचें झालें, कीं सामान बांधण्याचा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक पेटींत ठराविक वजनच भरावयाचें आणि पेट्या मात्र कमींत कमी लागाव्यात, एवढीच अट. परंतु सामान वाढलें, कीं मांडणीचे प्रकार इतके होतात, कीं सगळे पडताळून पाहणें अशक्य व्हावें. १९७२ सालीं अमेरिकेंत रिचर्ड कार्प यांनीं असे २१ प्रश्न एकमेकांशीं जोडून दाखविले. त्यांतील एकाची शीघ्र रीत सांपडली, तर सर्वांचीच सांपडेल. तशी रीत अद्याप कोणास गवसलेली नाहीं. पेट्यांचा हा प्रश्नही त्याच कुळांतला.

सर्वोत्तम उत्तर हातीं येत नसेल, तर त्यापासून आपण फार तर किती दूर राहूं, याची हमी तरी देतां येईल काय? डेव्हिड जॉन्सन आणि त्यांचे सहकारी यांनीं त्याच सुमारास हा शोध आरंभिला. पुढें इतरांनीं तो नेमका केला. वस्तु हातीं येईल तशी, जींत मावेल त्या पहिल्या पेटींत टाकीत गेल्यास, जेथें ९० पेट्या पुरत्या तेथें १५३ हून अधिक लागत नाहींत. सामान आधीं मांडून जड वस्तु प्रथम घेतल्यास ११० हून अधिक लागत नाहींत. पुढचें न पाहतां भरणाऱ्या कोणत्याही रीतीस १.५४ पटीहून चांगली हमी देतां येत नाहीं, हेंही सिद्ध झालें आहे. भविष्याच्या अज्ञानाची किंमत अशी आंकड्यांत मांडली गेली.

यापुढचें मोठें पाऊल एका मराठी माणसाचें आहे. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांत जन्मलेले नरेंद्र करमरकर १९७८ मध्यें मुंबईच्या आय. आय. टी. चे पदवीधर झाले. १९८२ मध्यें त्यांनीं खुद्द कार्प यांच्यासह नवी रीत दिली. जवळपासच्या वजनांचे गट करावयाचे, पेटी अपूर्णांकांतही मोजतां येते असें क्षणभर मानून उत्तर काढावयाचें, आणि मग तें पूर्णांकांवर आणावयाचें. या रीतीनें जादा पेट्यांची मर्यादा लॉगॅरिदमच्या वर्गाच्या प्रमाणांतच वाढते. पेट्या हजाराच्या दहा लक्ष झाल्या, तरी ती मर्यादा केवळ चौपट होते. ही हमी ३१ वर्षें अबाधित राहिली. २०१३ मध्यें टॉमस रोथवॉस यांनीं ती सुधारली.

करमरकरांचें नांव जगभर झालें तें १९८४ च्या रेषीय नियोजनावरील संशोधनामुळें. तथापि पेट्यांवरील या कामाचें मोल त्याहून वेगळें आहे. पूर्णत्व आटोक्याबाहेरचें असतांही, आपली उणीव किती याचा हिशेब आधींच चोख देतां येतो, हें त्यानें दाखविलें.