वाहनउद्योग, छत्रपती संभाजीनगर येथील

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराभोवतीच्या औद्योगिक क्षेत्रांत वसलेला दुचाकी, तीनचाकी, मोटारी व त्यांचे सुटे भाग बनविणारा उद्योगसमूह.

मुंबई–पुणे पट्ट्यात एकवटलेली कारखानदारी इतरत्र न्यावी, या धोरणातून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (१९६२) स्थापन झाले व मागास भागांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना (१९६४) आली. चिकलठाणा हे येथील आरंभीचे मोठे क्षेत्र. खरे वळण मात्र वाळूजला मिळाले : १९८५ मध्ये तेथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याला लागणाऱ्या भागांच्या मागणीवर एंड्युरन्स, व्हॅरॉक यांसारख्या पुरवठादार कंपन्या वाढल्या. २००१ पासून शेंद्रा येथे स्कोडाच्या मोटारींची जुळणी होऊ लागली.

स्थाननिवडीत सलग जमीन, नाथसागराचे पाणी (पहा : जायकवाडी प्रकल्प), पुण्याशी रस्त्याने असलेला संपर्क तसेच करपरतावा, मुद्रांक व वीज शुल्कातील सवलती हे घटक निर्णायक ठरले. नव्या गुंतवणूकदारासाठी आयती पुरवठासाखळी सवलतींहूनही मोलाची ठरते. बंदरापासूनचे अंतर ही उणी बाजू. समृद्धी महामार्गाने (पहा) ती काही अंशी भरून काढली.

दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेतील (पहा) शेंद्रा–बिडकीन नगरी ‘ऑरिक’ नावाने सुमारे ४,००० हेक्टरांवर आखली आहे. २०२४ मध्ये एथर एनर्जीने तेथे विद्युत् दुचाकींचा कारखाना जाहीर केला. त्याच वर्षी जुलैमध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटरने सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला.