नाचणीची लाज आणि नाचणीचा मान

मुंबईच्या एका दुकानात परवा नाचणीच्या लाडवांचा डबा आमच्या पाहण्यात आला. डब्यावर ‘पारंपरिक पौष्टिक आहार’ अशी अक्षरे होती आणि किंमत काजूकतलीच्या पंक्तीला बसणारी. आम्हांस आजोळ आठवले. मालवणपासून दोन कोसांवरच्या त्या वाडीत पाहुणा आला की आजी नाचणीच्या भाकरीची टोपली कोनाड्यात सरकवीत असे आणि तांदळाच्या घावनांसाठी बिडाचा तवा चुलीवर चढे. जे धान्य एकेकाळी लपवायचे होते, ते आज मिरवायचे झाले. हा पालट कसा घडला?

मालवण किनाऱ्यावरचे गोड पदार्थ पिठांच्या अंगाने पाहिले, तर त्यांची तीन कुळे दिसतात. पहिले कुळ तांदळाचे. नागपंचमीला हळदीच्या पानावर थापलेल्या पातोळ्या, गूळ-खोबऱ्याचे चून भरून रचलेले सातकापे घावन, साच्यातून दाबून काढलेले शिरवाळे आणि सोबत नारळाचा गोड रस, तांदूळ-उडीद आंबवून केलेली जाडजूड खापरोळी, तवशाचा कीस घालून खाली-वर निखारे ठेवून भाजलेले धोंडस. यांतले तांदूळ, नारळ, हळदीची पाने, तवसे हे सारे परड्यातले नि मळ्यातले. विकतचा तो बहुधा गूळच.

दुसरे कुळ बाजाराचे. जत्रेतले मालवणी खाजे बेसनाचे. वर आले घातलेल्या गुळाच्या पाकाचा लेप. पण कोकणच्या पावसाळी जमिनीत हरभरा हे काही मुख्य पीक नव्हे. हरभऱ्याची डाळ आणि गूळ घाटावरून उतरे, मीठ आणि मासळी घाटावर चढे. रामघाट आणि फोंडाघाट यांनी चालविलेल्या या देवघेवीचे गोड स्मारक म्हणजे खाजे. म्हणूनच ते घरी क्वचित होते आणि जत्रेत हमखास मिळते.

तिसरे कुळ नाचणीचे, आणि खरा इतिहास तेथेच आहे. नाचणीचे मूळ पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखात. भारतात ती हजारो वर्षांपूर्वी आली आणि येथलीच झाली. कोकणात तिला जागा मिळाली ती वरकस जमिनीवर, म्हणजे भाताचे पाणी जेथे ठरत नाही अशा उतारावर. मळ्यातले भात पिके, पण ते सारे घरात येत नसे. खोती गावांत अर्धेल, तिर्धेल असे वाटे खोताच्या कणगीत जात. 1937 साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्ष कायदा झाला तो 1949 साली. तोवर, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, गरीब कुळाच्या घरात भात सणाचा आणि नाचणी रोजची, अशीच वाटणी होती. आजीची लाज धान्याची नव्हती. ते धान्य ज्या परिस्थितीची खूण होते, तिची होती.

म्हणून ‘आपले पूर्वज किती पौष्टिक खात’ असे कुणी म्हणाले की आम्ही थोडे अस्वस्थ होतो. पूर्वजांनी नाचणी निवडली नव्हती. मात्र जे वाट्यास आले त्याचे सोने करण्याची विद्या घरच्या बायकांपाशी होती, हेही तितकेच खरे. नाचणी भिजवून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, जात्यावर दळून वस्त्रगाळ करायची, आणि ते सत्त्व गूळ घालून शिजवून तान्ह्याला भरवायचे. मोड आल्याने धान्यातला पिष्टांश काही अंशी मोडतो, खीर पातळ राहते आणि लहानग्या पोटात अधिक अन्न जाते, हे शास्त्र आज सांगते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हेही सांगते. आजीला आकडा ठाऊक नव्हता. मूल बाळसे धरते एवढे ठाऊक होते.

पुढे चाकरमान्यांच्या मनीऑर्डरी आल्या, रेशनचा तांदूळ आला, गहू आला. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून वरकस उतारांवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. शेतकऱ्याने त्यात काही चूक केली असे आम्ही म्हणणार नाही; काजूने घरात पैसा आणला, नाचणीने कधी आणला नव्हता. पण परिणाम असा झाला की 2023 हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे होऊ लागले, तेव्हा आजोळच्या उतारावर नाचणीचे कणीस शोधून सापडेना. देशात नाचणी सर्वाधिक पिकते ती कर्नाटकात. दुकानातल्या डब्यातली कोठली होती, हे डब्याने सांगितले नाही.

यंदा चतुर्थीला आम्ही गावी गेलो, तेव्हा मामींनी धोंडसाबरोबर नाचणीचे लाडूही पुढे केले. ‘‘पीठ मुंबैसून हाडलंय हां,’’ त्या हसून म्हणाल्या. लाडू उत्तम झाले होते. टोपली मात्र या वेळी कोनाड्यात सरकवलेली नव्हती. ती पाहुण्यांच्या समोर, पाटावर मधोमध ठेवलेली होती.