बडोद्याचे मल्हारराव गायकवाड: विषप्रयोगाचा आरोप टिकतो का?

होसकोट्याहून तुमच्याशी बोलतोय. बेंगळुरूच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रोडवरचं हे गाव. शहाजीराजांच्या बेंगळुरू जहागिरीत तेही होतं. याच तालुक्यात दंडुपाळ्य नावाचं खेडं आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दरोडे आणि खून करणाऱ्या टोळीला या खेड्याचंच नाव चिकटलं. २०१२ मध्ये तिच्यावर निघालेल्या कन्नड चित्रपटाचं नावही तेच. गुन्हे ठरावीक लोकांचे, पण संशयाची पाटी अख्ख्या गावाच्या गळ्यात. संशय इतक्या सहज चिकटतो, म्हणून तो तपासून घ्यावा लागतो. आज असाच एक जुना संशय तपासू. आरोपी आपला, मराठी राजा.

काळ व्हिक्टोरिया राणीचा. ९ नोव्हेंबर १८७४ची सकाळ. बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेर फिरून आले आणि रोजचं पपनसाचं सरबत त्यांनी तोंडाला लावलं. दोन-तीन घोट घेतले, जीव कसनुसा झाला, उरलेलं फेकून दिलं. मग पेल्याच्या तळाशी काळसर गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला, मग मुंबईचे डॉक्टर ग्रे यांनी. निघाला सोमल आणि बरोबर चमकणारी भुकटी. ही हिऱ्याची भुकटी, असं सरकारी पक्षाचं म्हणणं.

पेल्यात सोमल होता, हे मी धरून चालतो. प्रश्न एवढाच, की तो घालायला कोणी सांगितलं?

बोट लगेच मल्हाररावांकडे वळलं आणि त्याला इतिहास होता. भाऊ खंडेराव महाराजांविरुद्धच्या कटाच्या आरोपावरून ते १८६३ पासून पादऱ्याला कैदेत होते. १८७०ला खंडेराव वारले आणि हे गादीवर आले. जुन्या कारभाऱ्यांपैकी भाऊ शिंदे कैदेत मेले, तेव्हाही विषाची कुजबुज झाली. १८७३च्या अखेरीस कर्नल मीड यांच्या आयोगाने राज्यातल्या जुलमांची चौकशी केली आणि गैरकारभाराचा ठपका ठेवला. सुधारणेसाठी सरकारने १८७५च्या अखेरपर्यंत मुदत दिली. थोडक्यात, ‘हा माणूस असं करू शकतो’ असं वाटायला सगळं तयार होतं.

हेतूही होता. फेर आणि महाराज यांचं बिलकूल पटत नव्हतं. लक्ष्मीबाईंशी झालेल्या लग्नाच्या वैधतेवरून वाद होता. त्यांना ऑक्टोबरमध्ये मुलगा झाला, म्हणजे प्रश्न थेट गादीच्या वारसाचा.

मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासाला आले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माफीच्या आश्वासनावर रेसिडेन्सीचा हवालदार रावजी बोलला, त्याच्यामागे जमादार नरसू. दोघांचं म्हणणं: महाराजांनी राजवाड्यावर बोलावलं, पैसे कबूल केले, पुड्या आमच्या हाती आल्या. १४ जानेवारी १८७५ला मल्हाररावांना अटक झाली. पुढे त्यांचे खासगी कारभारी दामोदरपंत कैदेत असताना माफीचे साक्षीदार झाले. सोमल आणि हिरे मिळवण्याची हकिकत त्यांनी सांगितली. दफ्तरातल्या काही नोंदींवर शाई सांडलेली सापडली, तिचा संबंधही याच खर्चाशी जोडला गेला.

ऐकायला पक्कं वाटतं ना? आता एकेक धागा ओढून पाहू.

पहिला, माफीचे साक्षीदार. भारतीय पुरावा कायदा १८७२चा, म्हणजे तेव्हा तीनच वर्षं जुना. गुन्ह्यातल्या साथीदाराचा शब्द स्वतंत्र आधाराशिवाय विश्वासार्ह मानू नये, असा इशारा त्यातच दिलेला होता. इथे विषाबद्दलचे तिन्ही मुख्य साक्षीदार साथीदारच. एका साथीदाराने दुसऱ्याला दुजोरा दिला, तर त्याला आधार म्हणता येत नाही.

दुसरा, रावजीचा पट्टा. कबुलीनंतर त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. शोधणारा पोलीस अधिकारी अकबर अली. पण त्या वेळी पट्टा रावजीच्या कमरेला नव्हता, दुसरा शिपाई तो वापरत होता. दीड महिना ती पुडी कोणाच्याच हाताला लागली नाही आणि नेमकी कबुलीनंतर निघाली! महाराजांचे बॅरिस्टर सार्जंट बॅलंटाइन खास इंग्लंडहून आणलेले. त्यांनी याच जागी पोलिसांना धरलं.

तिसरा, हिरे. ज्या जवाहिऱ्याकडून हिरे घेतले असं सांगितलं जात होतं, त्याने आयोगापुढे आधीचा जबाब नाकारला आणि तो दबावाखाली घेतल्याचं सांगितलं.

चौथा, वेळ. मला हा सर्वांत वजनदार वाटतो. २ नोव्हेंबरला महाराजांनी व्हाइसरॉयना खलिता लिहून फेर यांच्या बदलीची मागणी केली होती. त्याच महिन्यात फेर यांना हटवण्याचा निर्णयही झाला. खलित्याचं उत्तर यायच्या आधी, सात दिवसांत, सारा संशय स्वतःवर येईल असा उद्योग कोण करेल? उलट बाजूने म्हणता येईल, की रागाला हिशेब नसतो आणि उत्तर काय येणार हे महाराजांना ठाऊक नव्हतं. तेही खरं. म्हणून हा मुद्दा निर्दोषत्व सिद्ध करत नाही, शंका मात्र भक्कम करतो.

दुसरं पारडंही प्रामाणिकपणे भरू. रेसिडेन्सीतले नोकर आणि आया अमिना रात्री राजवाड्यावर जात, याला गाडीवानांच्या साक्षींचा आधार होता. महाराज पैसे देऊन रेसिडेन्सीतल्या बातम्या काढत, एवढं मी मानतो. पण बातमी विकत घेणं आणि विष घालायला लावणं यांत मोठी दरी आहे. ती दरी ओलांडायला सरकारकडे साथीदारांचा शब्द सोडून काही नव्हतं.

२३ फेब्रुवारी १८७५ला आयोग बसला. अध्यक्ष सर रिचर्ड काउच. सोबत मेल्व्हिल आणि तेच मीड, ज्यांनी आधी गैरकारभाराचा अहवाल लिहिला होता! भारतीय सदस्य तीन: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव. निकाल तीनास तीन. तिन्ही इंग्रजांना गुन्हा सिद्ध वाटला, तिन्ही भारतीयांना वाटला नाही.

मग सरकारने काय केलं? एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं. पण विषप्रयोगाच्या निकालावर नाही, गैरवर्तन आणि घोर गैरकारभार या कारणावर. म्हणजे सुधारणेसाठी दिलेली मुदत संपायला आठ महिने असतानाच. विषाच्या आरोपाने दार उघडलं आणि आत शिरल्यावर सरकारने दुसरंच कारण पुढे केलं. मे महिन्यात कवळाण्याचा मुलगा दत्तक येऊन सयाजीराव झाला. मल्हाररावांना मद्रासला नेण्यात आलं, तिथेच १८८२ मध्ये ते वारले.

ही खोड एकट्या बडोद्याची नाही. १८८८ मध्ये लंडनमध्ये ‘जॅक द रिपर’ने बायकांचे खून केले. १८९४ मध्ये तिथले पोलीस अधिकारी मॅकनॉटन यांनी संशयितांची टिपणी लिहिली. हे गृहस्थ त्याआधी बंगालमधल्या जमिनी सांभाळत होते आणि खुनांच्या वेळी पोलीस दलात नव्हते. त्यांनी ड्रूइटला सुमारे ४१ वर्षांचा डॉक्टर म्हटलं. तो प्रत्यक्षात ३१ वर्षांचा बॅरिस्टर आणि शाळामास्तर. शेवटच्या खुनानंतर काही आठवड्यांनी त्याचं प्रेत थेम्स नदीत सापडलं. खून थांबले आणि हा मेला, हा योग त्याच्याविरुद्ध सर्वांत मोठा. ८ सप्टेंबरला पहाटे एक खून झाला आणि त्याच दिवशी तो क्रिकेट खेळत होता, हे मात्र कोणी सहसा सांगत नाही.

माझा कौल विचाराल तर असा. रावजीने सोमल घातला असणं शक्य आहे. महाराजांनी घालायला लावला, हे सिद्ध झालेलं नाही. मल्हारराव चांगले राजे नव्हते. त्यांच्या प्रजेने जे भोगलं त्याची शिक्षा त्यांना द्यायची होती, तर त्या गुन्ह्याचा खटला चालवायला हवा होता. माणूस वाईट आहे म्हणून हाही गुन्हा त्याचाच, हे गणित सोपं आहे. ते नावडत्या माणसाबाबतही नाकारता आलं, तरच न्याय या शब्दाला अर्थ राहतो. जयाजीराव आणि रामसिंह स्वतः इंग्रजांच्या मर्जीवरचे राजे होते. तरी त्यांनी ते नाकारलं, हे विसरू नये.