मुशींच्या पोटातील पट्टकृमी आणि जनुकीय अनुक्रम

पट्टकृमी हा चपट्या कृमींचा परोपजीवी वर्ग होय. सागरी प्राण्यांपैकी मुशी व पाकट यांच्या आतड्यांत त्यांचे विलक्षण वैविध्य आढळते. पट्टकृमीला तोंड नसते, अन्ननलिकाही नसते. अन्न शरीराच्या पृष्ठभागातूनच शोषले जाते. त्यामुळे ओळखीसाठी शीर्षावरील चूषक व आकडे आणि शरीरखंडांतील जननेंद्रिये एवढ्याच खुणा उरतात. दीर्घकाळ वर्गीकरण त्यांच्याच आधारे चालले.

डिंभाच्या बाबतीत मात्र या खुणा अपुऱ्या पडतात, कारण त्याला जननेंद्रियेच नसतात. डॉल्फिनच्या चरबीत रुतून बसणारा एक डिंभ १८०२ पासून शास्त्राला ठाऊक आहे. पोटाच्या आतील अस्तरात राहणाऱ्या दुसऱ्याची नोंद १८८९ मधली. दोघांना नावे मिळाली, पण त्यांचे प्रौढ रूप कोणते, हे कोणी सांगू शकत नव्हते. डॉल्फिनला खाणाऱ्या मोठ्या मुशीवर संशय होता, पुरावा नव्हता. अखेर २८एस या रायबोसोमी जनुकाचा अनुक्रम जुळवून पाहिला, तेव्हा दोन्ही डिंभांचे नाते क्लिस्टोबोथ्रियम या प्रजातीशी निघाले. या प्रजातीतील एक प्रौढ कृमी पांढऱ्या मुशीच्या आतड्यातून १९९० मध्येच वर्णिला गेला होता. २०२० मध्ये दोन्ही डिंभ रीतसर याच प्रजातीत समाविष्ट झाले. दोन शतके अनाथ राहिलेल्या नावाला असे कुळ मिळाले.

वरच्या स्तरावरील उलथापालथ याहून मोठी आहे. शीर्षावर पानासारखे चार अवयव असलेले कृमी पूर्वी टेट्राफिलिडिया या एकाच गणात घातले जात. अनुक्रमांनी दाखवले की तो एका पूर्वजाचा वंश नव्हे. परिणामी २००९ मध्ये ऱ्हायनेबोथ्रिडिया, तर २०१४ मध्ये फायलोबोथ्रिडिया व ऑन्कोप्रोटिओसेफॅलिडिया हे गण वेगळे झाले. यांपैकी शेवटच्या गणात मुशी-पाकटांतील आकडेवाले कृमी आणि गोड्या पाण्यातील माशांचे कृमी एकत्र आले. केवळ शीर्ष पाहून हे नाते क्वचितच कोणाच्या ध्यानात आले असते. जॅनीन कैरा व कर्स्टन जेन्सन यांच्या नेतृत्वाखालील जागतिक सर्वेक्षणाच्या २०१७ च्या ग्रंथात पट्टकृमींचे एकूण १९ गण मानले आहेत.

तथापि सूक्ष्मदर्शक अडगळीत गेलेला नाही. नमुन्याचा मधला तुकडा डीएनएसाठी कापतात. शीर्ष व शेपटाकडील भाग काचपट्टीवर कायम जपतात. असा साक्षी नमुना नसेल, तर अनुक्रम कोणत्या कृमीचा, हे पुढे पडताळता येत नाही.

कोकण किनाऱ्यावरील मुशी-पाकटांतून जी. बी. शिंदे व त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक पट्टकृमी वर्णिले, ते शरीररचनेच्या आधारे. जुने नमुने बहुधा फॉर्मेलिनमध्ये ठेवले जात आणि त्यात डीएनए मोडतो. म्हणून अशा जातींच्या फेरतपासणीसाठी त्याच किनाऱ्यावरील, त्याच यजमानाच्या आतड्यातील कृमी नव्याने मिळवून अल्कोहोलमध्ये ठेवावे लागतात. यातील पुष्कळ कृमी यजमानाच्या एखाद्याच जातीत राहतात; आणि मुशी-पाकटांच्या अनेक जाती आज संकटग्रस्तांच्या यादीत आहेत.