दोन डावांमधला वेळ

मालाडसारख्या उपनगरात पत्ते म्हटले की आधी लोकल आठवते. 5 जानेवारी 1928 ला बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली, 1957 मध्ये मालाड बृहन्मुंबईत आले, आणि रोज चर्चगेट गाठणाऱ्या नोकरदारांबरोबर डब्यातला पत्त्यांचा डावही रुजला. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, गुडघ्यांवर आडवी ठेवलेली ब्रीफकेस आणि तेच चार-सहा गडी. गौरी-गणपतीच्या जागरणात कोकणी घरांतून पत्ते निघतात, जन्माष्टमीच्या सातम-आठमला गुजराती घरांतून. तिथेही बसणारे ओळखीचेच. हातात काही नसताना चाल कोण वाढवतो आणि चांगली पाने आली की गप्प कोण होतो, हे वर्षानुवर्षांच्या सहवासाने सगळ्यांना ठाऊक असते. मुंबईतल्या पैशाच्या जुगाराचा इतिहास मात्र वेगळ्या दिशेने गेला. तिथे समोरचा माणूस अनोळखी होत गेला आणि पैज व निकाल यांच्यातला वेळ आटत गेला. पान टाकताक्षणी नव्या टेबलावर नेऊन बसवणारा ऑनलाइन पोकर हे त्या प्रवासाचे अलीकडचे टोक आहे. त्याची ओढ आणि त्याचा धोका दोन्ही या आटलेल्या वेळातून येतात, आणि ‘कौशल्य की नशीब’ या आपल्या आवडत्या वादात नेमकी हीच गोष्ट निसटते, असे माझे म्हणणे आहे.

1840 च्या दशकात मुंबईचे व्यापारी कलकत्त्याच्या लिलावात अफूला सरासरी काय भाव येईल यावर पैजा लावत. अशा एका पैजेचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. पैजेची रक्कम वसूल करता येते असा निकाल 1848 मध्ये लागला आणि त्याच वर्षी सरकारला कायदा करून असे करार निरर्थक ठरवावे लागले. तारायंत्र अजून आले नव्हते, त्यामुळे पैज लावल्यावर बातमीची कित्येक दिवस वाट पाहावी लागे. पुढे पायधुणीच्या बाजूला पावसावरचा सट्टा फोफावला. ठरावीक वेळेत ठरावीक इतका पाऊस पडेल की नाही, एवढाच प्रश्न, आणि उत्तर काही तासांत. 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा त्याला पुरा पडेना, म्हणून 1890 मध्ये दुरुस्ती करून पावसावरच्या पैजाही त्यात आणल्या गेल्या. मग आला न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवरचा आकडा. टेलिप्रिंटरवरून उघडताना एक भाव येई, बंद होताना दुसरा, आणि ‘ओपन’ व ‘क्लोज’ हे शब्द तिथूनच मुंबईच्या तोंडी बसले. 1961 मध्ये न्यूयॉर्कहून येणारे भाव थांबले. पण सवय थांबली नाही. 1962 मध्ये वरळीत कल्याणजी भगत यांनी आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. मडक्यातल्या चिठ्ठ्यांची जागा पुढे पत्त्यांनी घेतली: तीन पाने काढायची, त्यांची बेरीज करायची आणि शेवटचा अंक धरायचा. खत्रींचा ओपन रात्री नऊच्या सुमारास फुटे, क्लोज मध्यरात्री. एकेरी आकड्याला साधारण नऊपट मिळत, जोडीला नव्वदपट. दहांत एक शक्यता असताना नऊपट, म्हणजे उरलेला दहावा हिस्सा चालवणाऱ्याचा. तरीही त्या मटक्याला एक कुंपण होते. गिरणीतून सुटलेल्या कामगाराला एका रात्रीत पैसे लावायच्या दोनच संधी मिळत. त्याला सावरणारा शहाणपणा त्याच्यात नसला तरी घड्याळात होता.

हे कुंपण पोकरमध्ये 2010 च्या जानेवारीत पडले. ‘फुल टिल्ट’ या संकेतस्थळाने ‘रश पोकर’ आणला आणि 2012 मध्ये ‘पोकरस्टार्स’ने तोच प्रकार ‘झूम’ या नावाने चालवला. खऱ्या टेबलावर पोकर खेळणाऱ्याचा बहुतेक वेळ बसून राहण्यात जातो. दहांतले सात-आठ हात टाकून द्यायचे असतात आणि पॅक झाल्यावर इतरांचा डाव संपेपर्यंत नुसते बघायचे असते. तासाला पंचवीस-तीस डाव होतात, नेहमीच्या ऑनलाइन टेबलावर सत्तर-ऐंशी. नव्या प्रकारात शेकडो खेळाडूंचा एकच ताफा असतो. पान टाकले की यंत्र त्याच क्षणी त्यातले दुसरे गडी समोर आणून बसवते. आपली पाळी येण्याआधीही पान टाकता येते. तासाला दोनशे-सव्वादोनशे डाव सहज होतात. कंटाळा नावाची गोष्टच उरत नाही, आणि ओढ म्हणतात ती हीच.

डावपेचही त्यामुळे बदलतात. टाकायला काहीच त्रास नसल्यामुळे सगळेच बेताची पाने टाकून पुढे सरकतात. म्हणून शेवटच्या जागांवरून साध्या पानांवरही चाल वाढवून ब्लाइंडचे, म्हणजे पाने वाटण्याआधी सक्तीने लावलेले, पैसे उचलणे परवडते. मात्र त्यावर कोणी उलट वाढवले, तर त्याच्याकडे खरोखर पाने आहेत असे धरून माघार घ्यावी लागते, कारण नवीन हात एका बोटावर असताना कमकुवत हातासाठी भांडत बसणारे थोडे. फुकाची हूल उठवण्यातही फारसा अर्थ राहत नाही. गेल्या दहा डावांत तुम्ही काय केले हे समोरच्याने पाहिलेलेच नसते, त्यामुळे तुमची पत बनत नाही आणि ती वापरताही येत नाही. माणसाऐवजी ताफ्याची सरासरी वाचायची. हेही ज्ञानच आहे, आणि ते मिळवायला मेहनत लागते.

इथे पोकरचे समर्थक म्हणतील की मटका निव्वळ नशिबाचा आणि पोकर कौशल्याचा, तेव्हा दोघांना एका माळेत ओवणे अन्याय आहे. हा आक्षेप हलका नाही. मुंबईच्या 1887 च्या कायद्यानेही निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली आहे. पण 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यनारायण प्रकरणात रमीला कौशल्याचा खेळ ठरवले, ते कशावरून? पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि कोणते ठेवायचे, कोणते टाकायचे याचा विचार लागतो, यावरून. स्मृती हा त्या युक्तिवादाचा एक खांब होता. जलद पोकरमध्ये खेळाडूविषयीची स्मृती यंत्रच दर डावाला पुसते. त्याच निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट नोंदवली होती: खेळावर घरमालक किंवा क्लब नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो. म्हणजे गडी किती हुशार आहे याइतकेच नाल, म्हणजे डावातला चालवणाऱ्याचा हिस्सा, कोण काढतो हेही न्यायालयाला महत्त्वाचे वाटले होते.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. डाव जितके जास्त तितके नशिबाचे चढउतार लवकर बुजतात आणि खरे कौशल्य उघडे पडते, मग वेग हा कसबी खेळाडूचा मित्रच झाला. गणित म्हणून हे खरे आहे आणि थोड्या निष्णात खेळाडूंना त्याचा फायदा होतोच. पण नालही दर डावाला कापली जाते. डावामागे एका खेळाडूच्या वाट्याला सरासरी दोन रुपये नाल येते असे धरले, तर तीस डावांच्या तासाला साठ रुपये आणि सव्वादोनशे डावांच्या तासाला साडेचारशे. जो आधीच किंचित तोट्यात आहे त्याचा तोटाही तितक्याच पटीने धावतो. शिवाय जुन्या टेबलावर नवख्याला जी संरक्षणे होती तीही जातात. जबर गडी बसलेला पाहून टेबल सोडणे, एखाद्याची खोड हेरून त्याच्यापुरते सावध होणे, दोन डावांच्या मध्ये खिशात किती उरले हे मोजणे: लोकलच्या डब्यात शिकलेले हे सगळे ताफ्यात निरुपयोगी ठरते. हरलेल्या हाताची सल मनात असतानाच पुढची दोन पाने समोर आलेली असतात.

22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवून पैशांचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले. त्यामागची काळजी मला पटते, पण त्याची रचना पटत नाही. मटका 1887 च्या कायद्याच्या नाकासमोर वाढला. सरसकट बंदीने धंदा संपत नाही, तो अंधारात सरकतो, हे या शहराने पाहिलेले आहे. बंदीऐवजी वेगावर नियम हवेत. कोणी म्हणेल की असे नियम करणे कागदावरच सोपे असते. पण शेअर बाजारात ते झाले आहे. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायद्यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेल्याचे सेबीच्या अभ्यासात दिसले. सेबीने बाजार बंद केला नाही. नोव्हेंबर 2024 पासून दर एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक मुदत ठेवण्याची सक्ती केली, आणि जवळजवळ रोज लागणारे निकाल आठवड्यातून मोजक्या वेळा लागू लागले.